सासूला वळसा

आमच्या शाळेचं मैदान काळ्या मातीचं. बेंबळीकडची ही जमीन ज्वारीला चांगली, फुटबॉलला वैरीण. उन्हं तापली की तिला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जाईल अशा. पाणी मारलं तर भेगा मिटतात, एवढं मला क्रीडाशिक्षिका म्हणून कळतं. पण गावाला प्यायलाच टँकर. मी पाणी मागायला गेले तर सरपंच म्हणाले, "मॅडम, माणसाला पाजू का मातीला?"

मग मी चुना आणला. रोज सरावाआधी मुली प्रत्येक भेगेभोवती चुना टाकायच्या. भेगांना नावंही त्यांनीच ठेवली. उजव्या कोपऱ्यातली सगळ्यात मोठी, ती सासू. कधी पाय ओढेल नेम नाही, म्हणून. खेळताना आरोळी यायची, "सासूला वळसा घाल गं!" मी हसायचे, पण त्या आरोळीवरच माझी सगळी भिस्त होती.

माझा जीव अडकला होता तो उजवीकडून खेळणाऱ्या पोरीत. लहानपणापासून मेंढरांमागं पळालेली, तिला गाठणं कुणाला जमायचं नाही. मागे एकदा तिचा गुडघा दुखावला होता. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा पिळला तर खेळ विसरायचा. आणि आता क्रीडा वसतिगृहाची निवड आमच्याच मैदानावर ठरलेली. निवड झाली तर ती सुटणार होती. तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं, "न्हाय झाली तर धाव्वी झाली की लगीन उजवून टाकतो, मॅडम. मग तुमी मधी पडू नका."

निवडीच्या दिवशी सकाळी मैदानावर पोचले आणि चुन्याच्या खुणा शोधू लागले. एकही भेग नव्हती. पाहुणे येणार म्हणून गावातल्या मंडळींनी आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टरला फळी लावून सगळं सपाट केलं होतं, उजव्या कडेला पाहुण्यांसाठी मंडपही घातला होता. भेगांवर भुसभुशीत माती, चुना गायब. सरपंच हौसेनं म्हणाले, "बघा मॅडम, कसं चकाचक केलंय!"

मी ओरडले. हात जोडले. भेगा बुजल्या नाहीत, नुसत्या झाकल्यात, हे परोपरीनं सांगितलं. निवड समितीच्या साहेबांना दुसऱ्या तालुक्यात जायची घाई. "एवढं सुंदर मैदान आहे, मॅडम," ते म्हणाले. मी शाळेतली पहार घेतली आणि गोलपासून मैदान टोचत सुटले. जिथं पहार आत जाईल तिथं टाचेनं खूण. मंडपात बसलेली माणसं हसत होती. हसू देत. माझा निम्मा भागही झाला नाही तोच शिट्टी वाजली.

मी तिचा दंड धरला. "नको खेळूस आज."

"मग कवा खेळू, मॅडम?" ती म्हणाली. "मला समद्या भेगा पाठ हायत. भिऊ नका."

आणि खरंच, ती खेळली तशीच. मोकळ्या दिसणाऱ्या जागी मध्येच वळायची. लोकांना कळेना ही पोरगी अशी का पळते. साहेब मात्र पुढं सरकून बसले. क्षणभर मला वाटलं, निभावलं.

मग ती बॉल घेऊन उजव्या कोपऱ्याकडं सुटली. मुली ओरडल्या, "सासू! सासू!" तिनं कोपऱ्यावरच्या झेंड्याकडं बघितलं, अंदाज घेतला आणि झोकात वळसा घातला. तो झेंडा मंडपासाठी दहा-बारा पावलं आत सरकवला होता. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा तिचा पाय मांडीपर्यंत जमिनीत होता.

मी धावले. तिचा गुडघा नको तिकडं वळला होता. ती रडत नव्हती. मुठीत माती धरून माझ्याकडं बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "म्या वळसा घातला व्हता की. सासू इकडं कशी आली?"