भुंड्या हातातलं घड्याळ

तवा घरात सासू होती, दीर होता, जाऊ होती, मी होती अन् मांडीवर माही पोरगी. पोरीचे बाप नव्हते. पावसाळ्यात ताप आला अन् ते गेले.

बायांनी माह्या बांगड्या फोडल्या. हात भुंडे झाले. भाकर थापाले बसली तं आवाजच नाई, जसं दुसरंच कोनी थापून राह्यलं. मंग एक दिवस खुंटीवरचं त्याईचं घड्याळ मी हातात बांधलं. लग्नात माह्या बापानं देल्लं होतं, चावीचं. त्याईचा फोटो कोनी काढला नव्हता. पोरीले दाखवाले तेवढंच होतं.

पट्टा सैल होता, दाभनानं भोक पाडलं. रोज चूल पेटवाच्या आंधी चावी देत होती. भरत आली का चावी बोटाले जड लागे. कापूस येचता येचता मनगट कानाजोळ नेलं का टिकटिक. बरं वाटे. येचनाऱ्या बाया मनत, "वहिनी, किती वाजले वो?" मले काटे समजत नव्हते. मी सूर्याकडे पाहून सांगत होती. त्या हासत, मीबी हासत होती.

जाऊ मने, "आता पावडर लावा फक्त!"

एक दिवस दीर मने, "वहिनी, साळ्याच्या लग्नात माह्या हातात काई पाह्यजे. संध्याकाळी घड्याळ काढून ठेवा."

सासू मने, "अबे, तिच्या बापाचं हाय ते."

"भावाले देल्लं होतं. भाऊ गेला. विधवा बाईले काऊन पाह्यजे घड्याळ?"

घरात त्याचंच चाले. तो बाहेर गेला तशी सासूनं माहा हात धरला. "दे इकडं. हरपलं मनून सांगू." तिनं घड्याळ फडक्यात बांधलं अन् कोठ्यातल्या कापसाच्या गंजीत खोल खुपसलं. मी धुनं घेऊन नदीवर गेली. सासू पोरीले घेऊन शेजारी बसाले गेली.

कापूस पुढच्या बाजाराले जानार होता. पन दिराले त्याच दुपारी रिकामी बैलबंडी भेटली. मी आली तं कोठा रिकामा. जाऊ झाडून राह्यली होती. बंडी कापूस घेऊन जिनाकडं, सरकी काढाच्या कारखान्यात, गेली होती. सासू उंबऱ्यात बसली होती. मने, "माह्या हातानं गेलं वो, बाई."

दिराच्या मांगं मानूस धाडला असता तं घड्याळ सापडलं असतं, पन त्याच्याच हातात गेलं असतं. मनून मानूस धाडला नाई. तो आला, सासूनं हरपलं मनून सांगतलं, त्यानं माही पेटी उलथी केली, शिव्या देल्ल्या. सासू मेली तवालोक आम्ही घड्याळाचं नाव काढलं नाई.

मनगटावर पट्ट्याचा पांढरा डाग राह्यला होता. उन्हाळ्यात तोबी करपला. पोरगी मोठी झाली, इचारे, बाप कसा होता? काय दाखवू? आताबी सकाळी चुलीपुढं बोटं चावी फिरवल्यावानी हालतात. फिरवाले काई नाई.

तुमच्या घरी कोनाचं जुनं चावीचं घड्याळ असन तं पेटीत नोका ठेवू. हातात बांधा अन् रोज चावी द्या.