आबांची दाढी

अगं पोरी, जरा जवळ सरकून ऐक. फोनवर तुला सदाची घाई, म्हणून लिहितेय. आज तुरटीचा ओला खडा हाती आला आणि मी मनानं थेट शिंदखेड्याला, सासरच्या ओसरीवर पोचले.

लग्नाला वर्षही नव्हतं झालं. माझ्या सासऱ्यांचा, आबांचा, उजवा हात मोडलेला. नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते, त्यांना आणायला तुझे आजोबा स्टेशनवर गेलेले. आबांची दाढी करायला न्हावी आलाच नाही. सासूबाईंच्या हाताला कंप, म्हणून रेझर माझ्या हातात आलं. आबांसमोर मी कधी तोंडावरचा पदर काढला नव्हता, आणि आता त्यांची हनुवटी धरायची! पळावं तर दारात सासूबाई.

"पदर वर कर व, गळा कापशी का त्यासना?"

पदर सारला, तशी खुर्चीत बसलेल्या आबांनी डोळे घट्ट मिटले. पातं गालावर खरखरत होतं, फेस माझ्या मनगटावर ओघळत होता. वाटलं, रागावलेत. तुरटी फिरवून मी पदर ओढला, तेव्हा म्हणाले, "झायी का, बेटा?" आणि मग डोळे उघडले.

माझी लाज राखत तेही त्या खुर्चीत माझ्यासारखेच अडकले होते, हे आता कळतं. त्यांना सांगायचं राहूनच गेलं. तू लवकर ये गं, आपलं बोलणं राहायला नको.