तळवा लपवणारा सलाम

आमच्या आबांना संशय घ्यायला फारसं कारण लागत नसे, आणि एकदा घेतला की ते विचारून मोकळे होत नसत. पलटणीतून हवालदार होऊन ते पेन्शनीत आले होते. रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे कुणाची पलटण कुठं लढतेय हे त्यांना बसल्या जागी कळत असे.

जर्मन-जपानची लढाई जोरात असताना मला स्थळ आलं ते आरमारातल्या मुलाचं. मुलगा कवठे महांकाळकडचा. जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथला पोरगा म्हणे समुद्रावर नोकरीला! आबांना पहिल्याच घासाला खडा लागला. तरी शब्द दिला गेला. मग तो रजेवर भेटायला आला, तर टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव नाही. आबा नोकरीत असताना खांद्यावरचं पलटणीचं पितळी नाव रोज घासून लख्ख करणारे. जहाज कोणतं म्हणून कुणीतरी विचारलं तर मुलगा म्हणाला, नव्या बनावटीचं आहे, फार पळतं, जास्त सांगायची मनाई आहे. लढाईत टोपीवर जहाजाचं नाव घालत नाहीत, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक असणार?

घोडं अडलं ते निघताना. अंगणात त्यानं आबांना कडक सलाम केला. फौजेत तळवा समोरच्याला उघडा दिसतो. ह्याचा खाली वळलेला. आबांनी सलाम घेतलाच नाही. तो गेल्यावर आईला म्हणाले, "ह्यो सरकारी मानूसच न्हाई. कापडं कुनाची तरी घालून आलाय."

साखरपुडा लांबला. आबा भेटेल त्या पेन्शनरला त्या जहाजाबद्दल विचारत आणि जो तो नाही म्हणून मान हलवी. पोरगा पळपुटा असणार, असंही कुणी सुचवलं. हळूहळू मलाही संशय येऊ लागला. त्याहून जास्त राग आला तो आबांचा. गावभर विचारतील, पण ज्याला विचारायचं त्याला नाही.

लढाई संपल्यावर तो आला, साध्या कपड्यांत. मी चहा नेला तर बशी त्यानं डाव्या हातानं घेतली. आबांनी तेही मनात धरलेलं मला दिसलं.

आता त्याला बोलायची मोकळीक होती. ते जहाज नमुन्यादाखल बांधलेलं, जगात एकच. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर लहान लढाऊ बोटींना तोफगोळे आणि तेल पोचवायचं, येताना जखमी घेऊन यायचं. मोटारीच्या वेगानं पळायचं, पण पळताना इतकं थरथरायचं की पत्रे तडकायचे आणि ताटाखाली ओलं फडकं घातल्याशिवाय जेवता येत नसे. इंजिन दोनदा बदललं, तरी थरथर गेली नाही. लढाई सरली तशी त्याची गरजही सरली. दुसऱ्या बोटीनं ओढत मुंबईला आणलं आणि मोडीत काढलं.

"मंजी दाखवाया आता जहाज बी न्हाई," आबा म्हणाले.

मला राहवेना. सोप्यात येऊन मी त्यालाच विचारलं, "तुमी सलाम करताना तळवा का लपवता? आबा त्याच्यावरनं अडून बसल्यात."

आई आतून मला हाका मारत राहिली. तो जरा गोंधळला. मग म्हणाला की आरमारात सगळेच तसा करतात. हात तेला-डांबरानं काळे असायचे, ते वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून पूर्वीपासून रीत पडलीय, असं तिथं सांगतात.

"बघू हात," आबा म्हणाले.

त्यानं उजवा हात पुढं केला. तळव्याची कातडी भाजून आवळली होती, दोन बोटं सरळ होत नव्हती. शेवटच्या फेरीत इंजिनाजवळ वाफेचा नळ फुटला, एवढंच तो बोलला.

आबांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, ह्यो हात चालंल तुला?"

"चालंल," मी म्हणाले. "तुमी तवाच इचारलं असतं, तर मी त्यो धड असताना धरला असता."

 आबांनी तो हात सोडला नाही.