मास्तरांच्या कॉलरचं बटण

आमचे हे शिंपी. आख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप न लावता छाती-खांदा सांगतील. आणि स्वतःचा गळा? तो मोजायला यांना वेळ नव्हता!

"कॉलर आवळतेय गं, बटण जरा सरकव," म्हणाले. काजं-बटणं माझ्याकडे. सरकवलं. दोन महिन्यांनी पुन्हा सरकवलं. मधल्या काळात त्यांनी आपल्या पँटची कंबर दोनदा आत घेतली. गळा वाढतोय आणि कंबर उतरतेय, हे दुसऱ्या कुणाचं माप असतं तर मास्तरांनी वही परत उघडली असती. इथे मीही मुकाट्यानं सुई चालवत बसले. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सकाळी उशी घामानं ओलीचिंब, संध्याकाळी कणकण, मानेवर सुपारीएवढी गाठ. "दुखतेय का? नाही ना? मग कशाला उगाच!" हे यांचं पालुपद. तिसऱ्यांदा बटण सरकवायची वेळ आली, तेव्हा पट्टीवर जागाच उरली नव्हती. मी सुई-दोरा फेकला आणि हाताला धरून यांना दवाखान्यात नेलं.

तिथे तरी कुठलं सुख? सुईनं काढलेल्या नमुन्यावरून नक्की कळेना, म्हणून आख्खी गाठ काढायची ठरली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कधीपासून आहे?"

"असेल पंधरा दिवस."

पंधरा दिवस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्या अंगातल्या शर्टाची कॉलर उघडून मी दोऱ्याच्या जुन्या खुणा दाखवल्या. "ही सहा महिन्यांपूर्वीची, ही चार." बाईंनी लिहून घेतलं.

लिम्फोमा निघाला. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच बिघडतात आणि गाठींत वाढत राहतात, तो कॅन्सर. "हा प्रकार औषधाला दाद देतो. पण आधी यायला हवं होतं," बाई म्हणाल्या. ते वाक्य अजून मला खातं.

दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध, असं सहा वेळा. केस गेले, तोंड आलं, आणि तरी मशीनवर बसायची खुमखुमी! चौथ्या खेपेला म्हणतात, "कॉलर ढिली झाली. बटण मागे घे."

"स्कॅन झाल्याशिवाय हात लावणार नाही," मी ठणकावलं.

स्कॅन काल आलं. गाठी दिसत नाहीत, पण तपासणीला येत राहायचं. मी बटण मूळ जागी लावलं. मग मापांच्या वहीत कोरं पान काढून वर 'मास्तर' लिहिलं आणि टेप यांच्या गळ्याभोवती घेतला.

"अगं, नवा शर्ट शिवतेस की काय?"

"मान सरळ. गिऱ्हाइकानं मध्ये बोलायचं नाही."

साडेपंधरा. शेजारी तारीख घातली. "पुढच्या रविवारी परत यायचं," एवढं म्हटलं आणि मला रडू आवरेना.