सात मिनिटांचा अंतिम सामना

सामना संपला तरी सई जागची हलली नाही. माझी लेक दोन वर्षं या एकाच कॉम्प्युटर गेमचा सराव करत होती. पुण्यातल्या त्या स्पर्धेत तिने आपल्याकडच्या सगळ्यांना हरवलं आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर कोरियाचा खेळाडू आला. सात मिनिटांत सगळं आटोपलं. तो उठला, तिच्यापुढे वाकला आणि त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याच्यावर रागावायचीही सोय राहिली नाही.

माझ्या शेजारचे गृहस्थ चिडून म्हणाले, "बाहेरच्यांना घ्यायचंच कशाला? आपली पोरं कधी वर येणार?"

एरवी मी वाद घातला असता. आपल्याहून सरस माणसाशी खेळल्याशिवाय कोणी मोठं होत नाही, हे मी वर्गात कितीदा सांगितलंय. त्या दुपारी मात्र मनापासून वाटलं, नको होतं घ्यायला. निदान आजच्या दिवस तरी.

रिक्षात मी तिला म्हटलं, "अगं, तो जगातल्या पहिल्या दहांतला. त्याच्याशी हरण्यात कसली लाज?"

"लाज नाही वाटत, बाबा." ती हळूच म्हणाली, "मला वाटत होतं, मी चांगली खेळते."

तू खेळतेसच, असं मी लगेच म्हणायला हवं होतं. घर आलं तरी ते तोंडातून निघालं नाही. माझ्या म्हणण्याने तिचं समाधान होण्याचे दिवस संपले होते.