दोन इंजिनांमधला पेला

आमच्या बार्जवर इंजिनं दोन आणि त्यांच्यात समेट घडवणारा माणूस एकच, पेडण्याचा बाबली. डिचोलीच्या खाणी जोरात होत्या आणि खनिज नदीतून बंदरात जायचं, तेव्हाची गोष्ट. मी तांडेल, सुकाणू माझ्या हाती. पण बार्ज खरी चालायची ती त्याच्या जिवावर.

दोन इंजिनांच्या वेगात जरा फरक पडला, की घरघर चढते, उतरते, पुन्हा चढते आणि सगळं लोखंड हादरत राहतं. बाबली हा चढउतार ऐकून मोडून काढायचा. वर्षानुवर्षं त्या आवाजात राबून त्याचे कान गेले. मग तो दोन्ही इंजिनांच्या मधल्या पत्र्यावर पाण्याचा पेला ठेवू लागला. पाणी उसळायचं-निवायचं थांबलं, की इंजिनं जुळली. हे गुपित मलाच ठाऊक होतं. मालकांना कळतं, तर त्यांनी त्याला घरीच बसवलं असतं.

दसऱ्याला आम्ही इंजिनांची पूजा केली, अख्ख्या बार्जला तोरण बांधलं. दुसऱ्या दिवशी माल भरून निघालो, तर नार्व्यापाशी बार्ज अशी थरथरू लागली की माझे दात वाजले. नेमके त्याच दिवशी मालकांचे कारभारी रघुनाथबाब सोबत.

"बाबलीला ऐकू येतं ना रे?" त्यांनी मला विचारलं. मी उत्तर टाळून इंजिनखोलीत डोकावलो.

खाली बाबली शांत. पेल्यातलं पाणी उसळत-निवत नव्हतं, एकसारखं थरथरत होतं. म्हणजे इंजिनं जुळलेलीच होती. त्याने डावं बंद केलं, थरथर तशीच. मग उजवं बंद करून डावं चालवलं, सगळं शांत. शेवटी उजवं त्याच्या पाण्याखालच्या पंख्यापासून सोडवून नुसतं फिरवलं, तर तेही गुण्यागोविंदाने चाललं. म्हणजे दोष त्या पंख्यात होता. आम्ही नांगर टाकला आणि कोयता घेऊन बाबलीने बुडी मारली.

वर आला तेव्हा त्याच्या हातात नायलॉनच्या जाड दोरीत ओवलेलं झेंडूचं तोरण होतं.

"कोणा गाढवाने टाकलं हे?" रघुनाथबाब कडाडले. बाबलीला ते ओठांवरून कळलं. गप्प बसला असता तर सुटला असता.

"सकाळी मीयाच सोडलंय, निर्माल्य म्हणान," तो म्हणाला. "आणि आयकाक म्हणशात, तर माका कायच येणा नाय. यंत्रा मी पेल्यातल्या पाण्यार जुळवतंय."

असला माणूस! मी कपाळावर हात मारला. पण इतका अभिमान मला कधी कोणाचा वाटला नव्हता.

रघुनाथबाब खाली उतरले. हादऱ्याने पेला पडला होता. त्यांनी तो उचलला, पाणी भरून जागेवर ठेवला आणि बाबलीला हातानेच खूण केली, कर सुरू.