एकाच चेहऱ्याचा हात

दरबारात मी वीस वर्षं पदकं घडवली. खरं सांगायचं तर वीस वर्षं एकच चेहरा घडवला. आधी पाटीवर मेणात महाराजांचा एका बाजूचा चेहरा उठवायचा, तो पसंत पडला की पोलादी ठशात उलटा कोरायचा, मग त्या ठशावरून पदकं निघायची. पुढे पुढे मला समोर फोटोसुद्धा लागेना. बोटं आपली आपण कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर उतरायची. याचा मला कोण अभिमान होता!

संस्थान विलीन झालं आणि आमचा रुबाब संपला. शिवाजी पेठेतल्या घरी बसून तालमींच्या ढालींवर, फुटबॉलच्या कपांवर नावं कोरू लागलो. साठच्या दशकात एका साखर कारखान्याच्या चेअरमननी स्वतःच्या चेहऱ्याचं पदक करायला सांगितलं. गडी गुबगुबीत, बसक्या नाकाचा. त्यांना समोर बसवून मी मेण लावलं आणि तयार झाले ते महाराज, फक्त डोक्यावर गांधी टोपी. माझी पाचावर धारण बसली. चेअरमन मात्र पाटी तिरकी धरून खूश.

"मास्तर, झ्याक जमलंय की! आमचा रुबाब बरोब्बर पकडलासा."

मी तोच चेहरा ठशात कोरून दिला. आज त्याची लाज वाटते, पण त्या वेळी सुटलो असंच वाटलं.

त्याच वर्षी बायकोनं अंथरूण धरलं. तिचा एकही फोटो घरात नव्हता, काढायचं कधी सुचलंच नाही. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा मी हट्टाला पेटलो, हिचा चेहरा मेणात तरी ठेवायचाच. तीन दिवस रोज सकाळी तिच्या खाटेशी पाटी घेऊन बसलो. तिचं अपरं नाक समोर दिसत असताना माझ्या बोटांखालून तेच सरळ, राजेशाही नाक वर यायचं. दोनदा मेण खरवडून पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशीही तेच झालं तेव्हा संतापून कोरणी खिडकीबाहेर फेकली आणि रडायला लागलो.

"दावा बगू," ती म्हणाली. पाटी छातीवर धरून तिनं बराच वेळ बघितली. "ह्यो चेहरा तुमास्नी पाठ हाय. माझ्याकडं कवा बगितलंसा?"

उजेड नीट पडावा म्हणून मी तिची खाट खिडकीकडे ओढली. म्हटलं, आता बघतो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.